'घेत नाही' असे म्हणण्यापूर्वी

आपल्या बोलण्यात 'घेत नाही' हा मोठा सोयीचा शब्दप्रयोग आहे. गाय चारा घेत नाही, आजारी माणूस अन्न घेत नाही, ओली भिंत रंग घेत नाही आणि वर्गातले अमुक एक पोरगे डोक्यात काही म्हणून घेत नाही! हे दोन शब्द उच्चारले की देणारा मोकळा झाला. सारा दोष घेणाऱ्याच्या पदरात जाऊन पडतो. गेल्या हिवाळ्यात हाच शब्दप्रयोग मी एका अगदी नव्या वस्तूच्या बाबतीत ऐकला आणि तेव्हापासून तो माझ्या मनातून जात नाही. त्यावरच चार शब्द लिहावेत, म्हणून हा लेख.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही सूर्यमाळला गेलो होतो. मोखाडा तालुक्यातील हा उंचावरचा भाग. पावसाळ्यात येथे आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात ह्याच तालुक्यातील पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. सकाळी श्रमदान आणि दुपारनंतर जवळच्या एका शाळेतील मुलांबरोबर खेळ, गाणी, गप्पा असा आमचा क्रम होता. तिसऱ्या दिवशी तेथील सरांनी एक कपाट उघडून दाखवले. खालच्या खणात खोक्यात जपून ठेवलेला एक हिरवानिळा तुकडा होता. सर म्हणाले, "हा बोर्ड बाद झालाय. महिना झाला, प्रोग्रामच घेत नाही. आता डेड स्टॉक रजिस्टरला नादुरुस्त म्हणून दाखवायचा."

हा बोर्ड म्हणजे काय, हे आपल्या महाविद्यालयातील वाचकांना थोडे सांगितले पाहिजे. कारण कलाशाखेचे आपण सारे अशा वस्तूंपासून चार हात दूरच असतो. त्याला अर्डुइनो म्हणतात. आमच्या पुढ्यातला 'नॅनो' ह्या जातीचा होता. लांबी जेमतेम साडेचार सेंटिमीटर. त्यावर बसवलेली काळी चीप हा एक छोटासा संगणकच असतो. सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांच्या तालावर तो चालतो, पण त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. आपण मोठ्या संगणकावर सूचना लिहावयाच्या, तारेने त्या बोर्डात उतरवावयाच्या आणि मग बोर्डाने एकट्याने त्या अखंड पाळत राहावयाच्या. दिवा लावणे, मोटर फिरवणे, उष्णता मोजणे अशी कामे तो करतो.

गंमत अशी की हा बोर्ड मुळात इंजिनिअरांसाठी जन्माला आलेला नाही. इटलीतील इव्हरेआ ह्या गावी एक रचनाकला संस्था होती. तेथे एर्नांदो बारागान ह्या विद्यार्थ्याने 'वायरिंग' नावाचे काम आपल्या प्रबंधासाठी केले होते. त्याच वाटेने पुढे जाऊन मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अर्डुइनो तयार केला. कलेच्या आणि रचनेच्या विद्यार्थ्यांना विद्युत्शास्त्राचे ओझे न घेता आपल्या कल्पना हलत्याबोलत्या करता याव्यात, हा त्यांचा हेतू. त्याचा आराखडा त्यांनी सर्वांना खुला ठेवला, म्हणून त्याच्या स्वस्त आवृत्त्या जगभर निघाल्या आणि त्यातलीच एक सूर्यमाळच्या कपाटात येऊन पोचली. तेव्हा 'हे आपले काम नव्हे' असे म्हणण्याचा अधिकार निदान कलाशाखेच्या विद्यार्थ्याला नाही.

शाळेतील नववीच्या मुलामुलींनी ह्या बोर्डाचे मोठे उपयोगी काम केले होते. वसतिगृहामागे पाण्याची टाकी आहे. पाणी किती उरले हे पाहण्यासाठी लोखंडी शिडीवरून वर चढावे लागते. पावसात ती शिडी निसरडी होते. मुलांनी टाकीच्या तोंडाशी ध्वनिलहरी सोडणारा सेन्सर बसवला. आवाज पाण्यावर आपटून परत यावयास किती वेळ लागला, त्यावरून पाण्याची पातळी निघते. ती पातळी ब्लूटूथचा एक छोटा तुकडा खाली उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलवर पाठवी. सारे उत्तम चालले होते. फक्त टाकीची उंची भरताना चूक झाली होती, म्हणून आकडा बदलून प्रोग्राम पुन्हा टाकावयास मुले बसली. आणि बोर्डाने तो घेतला नाही. पुन्हा टाकला, पुन्हा नाही. दोन दिवस खटपट झाली आणि मग कपाट.

माझा ह्या विषयाशी परिचय सुट्टीतल्या एका वर्गापुरताच. तरी मी विचारले, "नाही म्हणताना तो काय म्हणाला?" सगळे एकमेकांकडे पाहू लागले. संगणकाच्या पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी ओळी येत होत्या, एवढे सर्वांना आठवत होते. त्या वाचावयाच्या असतात, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तांबडे दिसले म्हणजे 'चूक' आणि चूक म्हणजे 'नापास', एवढाच अर्थ आपण शाळेत शिकलेलो असतो. पण मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, तिने आपली वही आणली आणि म्हणाली, "दादा, मी उतरवून घेतलंय. कळलं नाही, पण घेतलंय." अक्षर अक्षर जुळवून तिने लिहिलेल्या त्या ओळीचा मथितार्थ असा, की दहापैकी दहावा प्रयत्न झाला तरी सूर जुळला नाही.

मला विद्युत्शास्त्र येत नाही. वाक्य मात्र वाचता येते. 'सूर जुळला नाही' म्हणजे 'बोर्ड मेला' असे नव्हे. संगणक आणि बोर्ड ह्यांच्यात घडते ते असे: प्रोग्राम टाकतेवेळी संगणक आधी बोर्डाला एक इशारा देऊन नव्याने सुरू करतो. बोर्डाच्या स्मृतीच्या एका कोपऱ्यात एक चिमुकला प्रोग्राम कायमचा वस्तीला असतो. त्याला बूटलोडर म्हणतात. जागा होताच तो क्षणभर कान देऊन बसतो: कोणी नवे काही द्यावयास आले आहे काय? संगणक हाक मारतो, बूटलोडरने ओ द्यावयाची असते. दहा हाकांना योग्य ओ आली नाही, एवढेच त्या ओळीचे म्हणणे होते. आता ओ न येण्याची कारणे किती तरी! हाक पोचली नसेल, भलत्या दारात मारली असेल, कोणी मध्येच बोलत असेल, किंवा घरधनी खरोखरच गेला असेल. ह्यातले शेवटचे कारण आपण सर्वांत आधी का मानावे?

आम्ही बोर्ड पुन्हा जोडून पाहिला. आज मात्र पडद्यावर निराळीच ओळ आली: जोडणीचे दार, ज्याला पोर्ट म्हणतात, तेच सापडत नाही! म्हणजे दोष बदलला होता. मी विचारले, "त्या दिवसापासून काय काय बदललं?" एक मुलगा चाचरत म्हणाला, "केबल बदलली, दादा. जुनी बाद वाटली, म्हणून मोबाइलची लावली." बोर्डावरचा दिवा तर लागत होता, मग केबलवर संशय घ्यावा कोणी? पण येथेच मेख होती. मोबाइलच्या काही केबलींत फक्त वीज वाहून नेणाऱ्या दोन तारा असतात. माहिती नेणाऱ्या दोन तारा मुळी घातलेल्याच नसतात. दिवा लागतो, शब्द पोचत नाही. जुनी केबल शोधून लावताच पोर्ट दिसू लागले आणि पहिलीच 'सूर जुळला नाही' ही ओळ पुन्हा आली. जुनाच दोष परत मिळाल्याचा इतका आनंद मी कधी कोणाला झालेला पाहिला नव्हता!

मग वाट दोन भागांत तोडून पाहिली. बोर्डावर प्रोग्राम आणणाऱ्या दोन पिना असतात, शून्य आणि एक क्रमांकाच्या. एक ऐकण्याची, एक बोलण्याची. त्यांना लागलेल्या बाहेरच्या तारा काढल्या, ह्या दोन्ही पिना एका तुकड्याने एकमेकींना जोडल्या आणि रीसेटची पिन ग्राउंडला जोडून मुख्य चीप गप्प केली. आता संगणकावरून जे टाइप करावे ते बोर्डाच्या दारापर्यंत जाऊन तसेच परत आले पाहिजे. मुलांना हे सांगावे लागले नाही; दरीच्या कडेला उभे राहून हाळी देणाऱ्या पोरांना प्रतिध्वनी काय ते ठाऊक असते. आम्ही 'सूर्यमाळ' असे इंग्रजी अक्षरांत लिहिले आणि ते जसेच्या तसे परत आले. म्हणजे केबल, पोर्ट, संगणकातले ड्रायव्हर, बोर्डावरची यूएसबीची चीप, इतके सगळे निर्दोष ठरले.

आणि खरा दोष आमच्याच हातात आला होता. ब्लूटूथच्या तुकड्याच्या तारा मुलांनी त्याच शून्य-एक पिनांना जोडल्या होत्या. प्रोग्राम येण्याची वाट तीच आणि ब्लूटूथची वाटही तीच. घाटातल्या एकेरी रस्त्यावर समोरासमोर दोन एस.टी. गाड्या याव्यात तसा प्रकार. त्या तारा काढलेल्या ठेवून प्रोग्राम टाकला, तरीही नाहीच! तेव्हा त्याच मुलीने वही उलटून सांगितले, की खटपटीच्या दुसऱ्या दिवशी कोणी तरी यादीतला बूटलोडरचा पर्यायही बदलला होता. २०१८ च्या जानेवारीपासून मूळ नॅनोवर नवा बूटलोडर येऊ लागला. स्वस्त प्रतींवर पुष्कळदा जुनाच असतो आणि दोघांचा बोलण्याचा वेग निराळा. जुना पर्याय निवडला आणि पुढच्या काही सेकंदांत बोर्डाने प्रोग्राम घेतला. ब्लूटूथच्या तारा नंतर पुन्हा लावल्या, टाकीची उंची बरोबर दिसू लागली.

वाचक मित्रहो, हिशेब पाहा. दोष तीन निघाले. पैकी मूळचा एक आणि उरलेले दोन आमच्या उपायांनी जन्माला घातलेले. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलली ती लिहून ठेवावी आणि उपयोग झाला नाही तर पूर्ववत करावी, हा साधा नियम न पाळल्याचे ते फळ. आणि ज्याच्यावर 'बाद' असा शिक्का बसणार होता, त्या बोर्डात काडीचाही दोष नव्हता. ह्या चीपमध्ये दहा हजार वेळा प्रोग्राम लिहिता येतो, असे तिचे निर्माते सांगतात; मुलांनी तो दोनशे वेळाही लिहिला नसेल.

कोणी म्हणेल, प्रत्येक वेळी असेच घडते काय? मुळीच नाही. उलटी वीज दिली, नको तेथे बारा व्होल्ट दिले तर चीप जळते आणि जळलेली चीप कोणत्याही प्रश्नोत्तरांनी जिवंत होत नाही. परंतु तेही सिद्ध करता येते. प्रतिध्वनी आलाच नाही, तर दारच मोडले आहे. प्रतिध्वनी आला आणि तरी ओ नाही, तर बूटलोडर पुसला गेला असेल. तोही दुसऱ्या एका बोर्डाला सहा तारांनी जोडून पुन्हा लिहिता येतो. त्यालाही दाद मिळाली नाही, तर खुशाल रजिस्टरात नोंद करावी. माझा आक्षेप 'नादुरुस्त' ह्या शेऱ्याला नाही. तपासाआधी मारलेल्या शेऱ्याला आहे.

हा प्रश्न एका कपाटाचा असता तर मी लेखणी हाती धरली नसती. २०१६ साली नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅबची योजना सुरू केली. निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि त्यात असे बोर्ड, सेन्सर, मोटरी. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी पन्नास हजार लॅब उघडण्याची घोषणा झाली. चांगलेच आहे. पण वस्तू देणे सोपे असते. ती बंद पडल्यावर काय करावे ते सांगणारा कागद त्या भाषेत देणे अवघड असते. मुंबईतल्या मुलाला लॅमिंग्टन रोड जवळ आहे. बोर्ड बिघडला की तो दुसरा आणील. मोखाड्याच्या मुलाला नाशिक गाठावयाचे तर त्र्यंबकचा घाटरस्ता आणि एक दिवस मोडणार. त्याला दुरुस्तीची विद्या अधिक हवी आणि तीच त्याला सर्वांत कमी मिळते. डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला तो हेच ओळखून: खेड्यातील मूल हाताने काम करता करता शिकते आणि मोडलेले जोडताना सर्वांत अधिक शिकते. २००२ साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या साहाय्याने तेथे फॅब लॅबही उभी राहिली. पाबळ जर हे करू शकते, तर जव्हार-मोखाड्याने का करू नये?

आता मूळ शब्दप्रयोगाकडे वळतो. कारण त्या रात्री शेकोटीजवळ मला बोर्डाहून दुसरेच काही आठवत राहिले. मी ह्याच भागात वाढलो. पहिलीत असताना माझ्याविषयीही 'हा काही घेत नाही' असे घरी कळवले गेले होते. घरात जी बोली आम्ही बोलत होतो ती पुस्तकात नव्हती आणि पुस्तकात जी होती ती घरात नव्हती. माझ्यापर्यंत पाटी पोचली, दप्तर पोचले, दुपारचा भात पोचला. शब्द पोचत नव्हता. त्या मोबाइलच्या केबलीसारखेच ते: दिवा लागलेला होता, म्हणून तारेवर कोणी संशय घेतला नाही, संशय माझ्यावर घेतला गेला. जव्हार-मोखाड्यात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशा अनेक समाजांची मुले एका वर्गात बसतात. भाषिक अल्पसंख्य समाजांतील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे आपल्या संविधानाचा अनुच्छेद ३५० क, १९५६ पासून सांगतो आहे. तरी अजूनही 'घेत नाही' हा शेरा ऐकू येतोच.

ह्याच पालघर जिल्ह्यात दुसरे उदाहरणही आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, टिकत नाहीत, हे त्यांनीही पाहिले. मुले गुरे राखावयास जातात, हे कळल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिला 'कुरणशाळा' असे नाव दिले. मुलांत काय कमी आहे हे शोधत न बसता, आपली वाट कोठे तुटली आहे हे त्यांनी शोधले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मूल म्हणजे बोर्ड नव्हे. बोर्ड आपण देऊ तेवढेच घेतो. मूल आपण न दिलेलेही घेते आणि आपण दिलेले कित्येकदा योग्य कारणाने नाकारते. मुलाच्या डोक्यात प्रोग्राम टाकावयाचा असतो, असे मला सुचवावयाचे नाही. तसे समजणारे लोक आधीच पुष्कळ आहेत. मला म्हणावयाचे ते एवढेच, की एका दोनतीनशे रुपयांच्या निर्जीव तुकड्यासाठी आपण केबल, पोर्ट, वेग, वाट असे चार प्रश्न विचारू शकतो, तर जिवंत मुलासाठी निदान तेवढे तरी विचारावेत.

कलाशाखेने ह्यात काय करावे? करण्यासारखे पुष्कळ आहे. शिबिराच्या शेवटच्या दिवशी त्या मुलीने कपाटाच्या दारावर आतल्या बाजूने एक कागद चिकटवला. त्यावर शुद्ध मराठीत पाच प्रश्न आम्ही मिळून लिहिले: पडद्यावर कोणती ओळ आली, ती उतरवली का? केबल माहिती नेणारी आहे का? पोर्ट आणि बोर्डाचे नाव बरोबर निवडले आहे का? शून्य आणि एक क्रमांकाच्या पिना मोकळ्या आहेत का? प्रतिध्वनी येतो का? सहावा तिने आपण होऊन घातला: काल चालत होते, तर कालपासून काय बदलले? आम्ही निघताना सरांनी तो कागद वाचला आणि रजिस्टरात पेन्सिलीने लिहून ठेवलेला 'नादुरुस्त' हा शब्द खोडरबराने पुसला.

असे कागद प्रत्येक शाळेच्या कपाटात हवेत. मराठीत हवेत, आणि जमेल तेथे वारलीत, कातकरीतही हवेत. हे काम कारखाने करणार नाहीत आणि ते इंजिनिअरांवर सोडूनही भागणार नाही. ज्यांना भाषा येते त्यांचे ते काम आहे. आपल्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आणि राष्ट्रीय सेवा योजनेने मिळून ह्या वर्षी निदान दहा शाळांसाठी हे करावे, अशी माझी सूचना आहे. सूर्यमाळचा कागद नमुना म्हणून मी उतरवून आणला आहे. ज्यांना हवा त्यांनी माझ्याकडून घ्यावा.